मुकादमच दिसत नाही, मग अभ्यास कसा करायचा?

गिरणगावात जॉबर असायचा, कामाला लावणारा तोच आणि काढणाराही तोच, पण निदान नाक्यावर भेटायचा, त्याला शिव्या घालता यायच्या नाहीतर हातापाया पडता यायचं. आज अंधेरीत फूड डिलिव्हरी करणाऱ्या पोराला ऑर्डर कोण देतं, इन्सेन्टिव्ह कोण कापतं, आयडी कोण ब्लॉक करतं? ॲप! २०१५ मध्ये मिन क्युंग ली आणि तिच्या सहकाऱ्यांनी उबर आणि लिफ्ट या टॅक्सी ॲपच्या ड्रायव्हरांवर पेपर लिहिला, त्यात याला ‘अल्गोरिदमिक मॅनेजमेंट’, म्हणजे माणसाऐवजी सॉफ्टवेअरने केलेली मुकादमी, म्हटलं आणि ते नाव चिकटलं.

पंचाईत अशी की कंपनी कोड दाखवत नाही, आणि दाखवला तरी नियम सारखे बदलतात. म्हणून काही संशोधक जुनीच वाट धरतात, एथनोग्राफी, म्हणजे महिनोन्‌महिने त्या लोकांबरोबर वावरायचं, जमलं तर स्वतः तेच काम करायचं आणि रात्री बसून सगळं लिहून काढायचं. मुंबई विद्यापीठात घुर्ये सरांच्या हाताखाली शिकलेले समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका गावात असेच राहिले होते, गावाला त्यांनी ‘रामपुरा’ असं टोपणनाव दिलं. पोथीतली जात वेगळी आणि गावातली वेगळी, हा त्यांचा मुद्दा.

ॲपचंही तेच. डॅशबोर्डवर फक्त ‘उशीर’ दिसतो. पण रायडरच्या मागे बसून फिरलात तर कळतं की टॉवरच्या गेटवर वॉचमनने एन्ट्री करायला लावली, मग मेन लिफ्ट नाही सर्व्हिस लिफ्टने जा म्हणाला, आणि ती वरच कुठेतरी अडकलीय. हा वेळ कुणाच्या हिशोबात? रायडरच्याच.

आणि सगळ्यात भारी माल म्हणजे पोरांच्या थिअरीज. दोन ऑर्डर रिजेक्ट केल्या की तासभर फोन वाजत नाही, अमुक हॉटेलबाहेर उभं राहिलं की लवकर पडते वगैरे. खरं का खोटं? एथनोग्राफरला दोन्ही कामाचं, कारण थिअरी साफ चुकीची असली तरी त्या भीतीने पोरगा रिजेक्ट करत नाही, म्हणजे ॲपने काही न बोलताच शिस्त लावली की.

हे अगदी नवीन आहे असंही नाही. शिकागोच्या एका मशीन शॉपमध्ये १९४४-४५ ला डोनाल्ड रॉय आणि तीसेक वर्षांनी मायकेल बुरावॉय, दोघा समाजशास्त्रज्ञांनी कामगार म्हणून मशीन चालवली, तिथेही पीस रेटचा (नगावर मिळणाऱ्या पैशाचा) कोटा गाठायचा कामगारांनी खेळच करून टाकला होता, आणि खेळाच्या नादात माणूस जास्त राबतो असं बुरावॉयचं म्हणणं. इन्सेन्टिव्हसाठी शेवटच्या दोन ऑर्डर मारणारा रायडर बघा, ओळखीचं वाटेल.

अर्थात नीती आयोगाने २०२०-२१ साठी देशात ७७ लाख गिग कामगार (पक्की नोकरी नसलेले, असं सुटं काम करणारे) धरलेत, एवढ्यांचं चित्र काही जणांबरोबर फिरून येणार नाही, त्याला सर्व्हे हवाच. पण सर्व्हेत लिफ्टचा प्रश्न टाकायचा हे सुचणार कुठून?

एक अडचण मात्र मोठी आहे. रायडरने विश्वासाने सांगितलेली युक्ती पेपरात छापली तर तो पेपर कंपनीही वाचते आणि ती पळवाट बुजवू शकते. नाव बदलूनही भागत नाही, स्क्रीनशॉटवर ऑर्डर नंबर आणि वेळ असते, त्यावरून कंपनी माणूस शोधून काढेल, म्हणून काही गोष्टी वहीतच ठेवाव्या लागतात.