कॅमेरा बंद ठेवला की बंद राहिला?

अमेरिकेतल्या पोलीस गोळीबाराच्या बातम्यांत एक वाक्य वरचेवर भेटतं: ‘अधिकाऱ्याचा बॉडी कॅमेरा बंद होता.’ बॉडी कॅमेरा म्हणजे पोलिसाच्या अंगावर लावलेला कॅमेरा. वाचल्या वाचल्या आपण म्हणतो, कुठेतरी पाणी मुरतंय. मुरत असेलही. पण या ‘बंद होता’त दोन निराळ्या गोष्टी एकत्र होतात. कॅमेरा बंद ठेवला ही एक आणि बंद राहिला ही दुसरी.

आधी बंद ठेवलेल्याचं बघू. इलिनॉय राज्याचा बॉडी कॅमेऱ्यांविषयीचा कायदा १ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. गणवेशातला अधिकारी कॉलवर गेला की कॅमेरा चालू, हा मूळ नियम. मात्र ज्याच्यावर गुन्हा घडला तो माणूस किंवा साक्षीदार ‘बंद करा’ म्हणाला, तर बंद करावा लागतो. ही विनंतीही शक्य असेल तर चालू कॅमेऱ्यातच नोंदवली जावी, असं कायदा सांगतो. म्हणजे चित्रण तुटतं, पण का तुटलं ते त्यातच ऐकू येतं. खबऱ्याशी बोलतानाही कॅमेरा बंदच. यात अधिकाऱ्याच्या मर्जीचा भाग जवळजवळ नाही. बोलणाऱ्यावरच गुन्ह्याचा संशय असेल किंवा तातडीची परिस्थिती असेल, तर मात्र विनंती डावलून चित्रण चालू ठेवता येतं आणि त्याचं कारण शक्यतो चित्रणातच सांगायचं असतं.

खरी मर्जी आहे ती वेगळ्याच कामांत. चुकलेल्या मुलाला आईबापांपर्यंत पोचवणं, आजारी म्हाताऱ्याची घरी जाऊन विचारपूस करणं, कुणाच्या तरी दारात उभं राहून मृत्यूची बातमी सांगणं. अशा वेळी अधिकारी कॅमेरा बंद करू शकतो. दार उघडणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटेल, ते सरकारी दप्तरात साठवायचं कशाला? मात्र तिथेच गुन्ह्याचा वास आला, तर कॅमेरा पुन्हा चालू करायचा.

कोलोरॅडो राज्याच्या २०२० च्या कायद्यातही कॅमेरा बंद करायच्या सवलती आहेत. प्रकरणाशी संबंध नसलेली खासगी माहिती, घटनेत पडलेला लांब खंड, पोलिसांची आपापसातली प्रशासकीय किंवा डावपेचांची चर्चा. ही शेवटची सवलत मला जरा सैल वाटते. डावपेच कुठे संपले आणि सारवासारव कुठे सुरू झाली, हे बाहेरून कळायचं कसं?

आता बंद राहिलेला कॅमेरा. जुलै २०१७ मध्ये मिनियापोलिसमध्ये ९११ ला फोन करून पोलिसांना बोलावणाऱ्या महिलेलाच अधिकाऱ्याची गोळी लागली आणि ती गेली. दोन्ही अधिकाऱ्यांच्या अंगावर कॅमेरे होते, पण गोळी सुटली तेव्हा एकही चालू नव्हता. कुणी ‘बंद करा’ म्हटलं नव्हतं, कुणाची खासगी गोष्ट झाकायची नव्हती. त्यानंतर तिथल्या पोलिसांनी प्रत्येक कॉलला कॅमेरा चालू करणं सक्तीचं केलं.

अशा रिकाम्या जागेचा अर्थ काय लावायचा, हे कोलोरॅडोने कायद्यातच लिहून ठेवलंय. कॅमेरा चालू करायला हवा होता आणि केला नाही, तर चित्रणात गैरवर्तन दिसलं असतं असं चौकशीत किंवा खटल्यात धरता येतं. अधिकाऱ्याला ते खोडून काढता येतं. त्याच्यावरच्या फौजदारी खटल्यात मात्र हे गृहीतक चालत नाही.

‘बंद’ म्हणजे पूर्ण बंद असंही नेहमी नसतं. अनेक कॅमेरे बटण दाबण्याआधीची काही सेकंदं मागून जोडून घेतात, बहुधा आवाजाशिवाय. जानेवारी २०१७ मध्ये बाल्टिमोरच्या एका अधिकाऱ्याला याचा फटका बसला. त्याने गल्लीतल्या कचऱ्यात डबा ठेवला, रस्त्यावर आला, बटण दाबलं आणि परत जाऊन तोच डबा ‘शोधून’ काढला. आत अमली पदार्थ. आधीच मिळालेल्या डब्याची ती नुसती उजळणी होती, हा त्याचा बचाव न्यायालयात टिकला नाही आणि २०१८ मध्ये बनावट पुरावा रचल्याबद्दल तो दोषी ठरला. डबा ठेवतानाची ती ३० सेकंदं कॅमेऱ्याने मुक्यानेच टिपली होती.