जनुकातील बेसप्रमाण आणि अमिनो आम्ले

डीएनएमधील ग्वानीन-सायटोसीन (जी-सी) या बेसांच्या प्रमाणानुसार प्रथिनांतील अमिनो आम्लांचे प्रमाणही बदलते. जीवाणूंची तुलना करून नोबोरू सुएओका यांनी १९६१ मध्ये हा संबंध दाखवला.

डीएनएची अक्षरे म्हणजे ए, टी, जी, सी हे चार बेस. सलग तीन बेस मिळून एक कोडॉन होतो. ६४ कोडॉनांपैकी ६१ अमिनो आम्ले सांगतात, तीन ‘थांबा’ म्हणतात. अमिनो आम्ले मात्र वीसच, त्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला अनेक कोडॉन येतात. जीजीए, जीजीटी, जीजीसी, जीजीजी हे चारही ग्लायसिनाचेच. बेसप्रमाण कलले की आधी हे तिसरे अक्षर बदलते आणि प्रथिनाला त्याचा पत्ताही लागत नाही. पण कल तिथेच थांबत नाही. पहिली दोन अक्षरे जी-सी असली की ग्लायसीन, ॲलनीन, प्रोलीन किंवा आर्जिनीन मिळते. ए-टी असली की लायसीन, ॲस्परॅजीन, आयसोल्युसीन, टायरोसीन यांसारखी.

मुंबईच्या ओपीडीत नेहमी दिसणारे दोन रोग इथे उपयोगी पडतात. फाल्सिपेरम मलेरियाच्या परजीवीचा डीएनए सुमारे ८० टक्के ए-टी आहे आणि त्याच्या प्रथिनांत ॲस्परॅजिनाच्या लांबच लांब माळा सापडतात. क्षयाच्या जंतूत जी-सी सुमारे ६५ टक्के. त्याची पीई-पीजीआरएस गटातली प्रथिने ग्लायसीन-ॲलनिनाने भरलेली. मुंबईत जास्त आढळणारा व्हायव्हॅक्स हा फाल्सिपेरमचा भाऊबंद, तरी त्याचे जी-सी ४२ टक्क्यांच्या आसपास आणि तशा माळाही कमी. अर्थात विकराच्या (एन्झाइमच्या) कळीच्या जागी ही ओढ चालत नाही. तिथे चुकीचे आम्ल आले की कामच बंद पडते.

अमिनो आम्लाच्या स्वभावावर कोडॉनच्या दुसऱ्या अक्षराचा प्रभाव सर्वांत जास्त. तिथे टी असला की अमिनो आम्ल हमखास पाणी टाळणारे. डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत नोंदवलेला ‘बॉम्बे’ रक्तगट पाहा. भारतात त्यामागे बहुधा एफयूटी१ जनुकातला एकच बदल असतो: ७२५ व्या जागी टीऐवजी जी. हे २४२ व्या कोडॉनचे मधले अक्षर. त्यामुळे पाणी टाळणाऱ्या ल्युसिनाच्या जागी विद्युतभारित आर्जिनीन येते आणि या जनुकापासून बनणारे विकर निकामी होते. मग तांबड्या पेशीवर एच पदार्थच तयार होत नाही, आणि तो नाही म्हणजे ए किंवा बी उभारायला पाया नाही. चाचणीत असे रक्त ‘ओ’ दिसते. रक्तपेढीत त्याच्या रक्तद्रवात ओ पेशी मिसळल्या की मात्र, त्यांच्यावरील एच पदार्थामुळे, गुठळ्या धरतात.