जळून फुटणारा तारा आणि कोसळून फुटणारा तारा

दुर्बिणीतून दोन्ही सारखेच दिसतात. दूरच्या दीर्घिकेत काल नसलेला ठिपका आज उजळतो आणि काही आठवडे झळकत राहतो. नावही एकच, सुपरनोव्हा. पण हा स्फोट संगणकात घडवायला बसलं की पहिल्याच पायरीवर वाटा फुटतात.

पहिल्या प्रकारात, म्हणजे ‘टाइप वन-ए’मध्ये, फुटतो तो श्वेतबटू, म्हणजे विझलेल्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा. आकार पृथ्वीएवढा, वस्तुमान सूर्याच्या आसपास आणि आत कार्बन-ऑक्सिजन ठासून भरलेला, म्हणजे अख्खा तारा इंधनच. जोडीदाराकडून वायू ओढत तो सूर्याच्या १.४ पटीजवळ पोचला की पेटतो, ही त्यातली एक वाट. (ही मर्यादा ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते चंद्रशेखर १९३० साली मुंबईहून बोटीने इंग्लंडला जाताना याच गणितात गुंतले होते.) इथे प्रश्न एवढाच, की आग पसरते कशी? सुरुवातीपासून एकदम धडाका उडवला तर जवळजवळ सगळ्याचं निकेल होतं, पण वर्णपटात सिलिकॉन ठळक दिसतो. म्हणून ‘आधी संथ ज्वाला, मग धडाका’ ही प्रारूपं पुढे आली. अडचण मापाची आहे. तारा हजारो किलोमीटरचा, तर आतल्या दाट भागात ज्वालेची जाडी सेंटिमीटरहूनही कमी. गणितासाठी ताऱ्याचे इतके बारीक तुकडे पाडणं कोणत्याही महासंगणकाला झेपत नाही, त्यामुळे ज्वाला सूत्राने बसवावी लागते.

दुसऱ्या प्रकारात पेटण्याचा प्रश्नच नाही. सूर्याच्या आठपटींहून जड ताऱ्याच्या पोटात लोखंड साचतं. त्यातून ऊर्जा निघत नाही, आणि गाभा सेकंदाच्या आत कोसळतो. अणुकेंद्राएवढी घनता आली की तो ताठरतो, उसळी घेतो आणि धक्कालहर बाहेर निघते. ती शे-दीडशे किलोमीटरवर जाऊन अडते! ताऱ्याला अगदी गोल धरून केलेल्या गणितांत ती बहुतेकदा तिथेच विझायची. कित्येक दशकं संगणकातला तारा फुटायलाच तयार नव्हता, आणि मला या विषयातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते, कारण त्या हट्टानेच संशोधकांना न्यूट्रिनोंकडे, म्हणजे पदार्थातून जवळजवळ न अडता निसटणाऱ्या अतिसूक्ष्म कणांकडे, नीट बघायला लावलं. कोसळण्यातली जवळजवळ ९९ टक्के ऊर्जा तेच घेऊन जातात. त्यांतले थोडेसे वाटेत शोषले गेले, की विझत्या चुलीला फुंकर मिळावी तशी लहर पुन्हा उठते. त्रिमितीत गणित केलं तर आतला वायू भाताच्या आधणासारखा खदखदतो, त्या उष्णतेत जास्त वेळ राहतो, आणि आता बरेच तारे खरोखर फुटतात. फेब्रुवारी १९८७ मध्ये मोठ्या मॅजेलनी मेघ या आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या स्फोटाचे दोन डझन न्यूट्रिनो पृथ्वीवर टिपले गेले, तेव्हा या चित्राचा पाया पक्का झाला.

राखेतही फरक राहतो. १०५४ साली दिसलेल्या स्फोटाच्या जागी, कर्क अभ्रिकेत, एक न्यूट्रॉन तारा, म्हणजे कोसळलेल्या गाभ्याचा उरलेला दाट गोळा, आजही सेकंदाला तीस वेळा गरगरतो आहे. टायको ब्राहे यांनी १५७२ साली पाहिलेला स्फोट वन-ए जातीचा. तिथे वायूचं कवच पसरत चाललंय, पण न्यूट्रॉन तारा सापडलेला नाही.