शोधातून विज्ञान आणि शिक्षकाचं काम: पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीच्या शिक्षकाला ‘मुलांना शोधू द्या’ म्हटलं की आधी वाढीव काम दिसतं. ही धास्ती रास्त आहे. पण ही पद्धत रुजली तेव्हा काम वाटून घेण्याची सोयही तिच्यासोबत होती, हे आपण विसरलो.

1972 मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि 1978 मध्ये जिल्हाभर पसरला. शाळेला प्रयोगाचं साहित्य मिळे, शिक्षकांच्या मासिक बैठकीत अडलेल्या प्रयोगांवर चर्चा होई, परीक्षेला पुस्तक उघडता येई. 2002 मध्ये तिथल्या सरकारने तो बंद केला. महाराष्ट्रात 2010 मध्ये आकारिक मूल्यमापन (शिकता-शिकता वर्षभर होणारं मूल्यमापन) आलं, 2015 पासून ज्ञानरचनावादावर, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचतं या विचारावर, भर आला. कृती वाढल्या, नोंदी वाढल्या. प्रयोगपेटी आणि प्रयोगांवरची बैठक मात्र त्या जोमाने आली नाही. ओझं वाढलं ते इथे.

आपल्या काळ्या मातीचंच घ्या. 40 मुलांचे 8 गट करा. बाटलीचा वरचा भाग कापून उलटा धरला की नरसाळं होतं. तोंडाला सुती कापड बांधा. त्यात 100 ग्रॅम कोरडी माती, वरून 100 मिली पाणी. 10 मिनिटांत खाली किती उतरलं ते मोजा. काही गटांना काळी माती, काहींना वाळू द्या. प्रयोग फसतो तो ढेकळांमुळे: पाणी फटींतून सरळ निघून जातं आणि काळी माती पाणी धरत नाही असा उलटाच निष्कर्ष निघतो. म्हणून माती आदल्या दिवशी कुटून चाळून ठेवायची. एखाद्या गटाकडून चुकून ढेकळं राहिली तर मात्र ती फेकू नका. त्याच मातीत पुन्हा पाणी ओतायला लावा. आता माती फुगून फटी बुजलेल्या असतात, पाणी अडतं. उन्हाळ्यात शेताला पडलेल्या भेगा पावसात का मिटतात, हे मुलं इथे स्वतः सांगतात.

काम वाचतं ते तपासणीत. गटाला एकच कागद: अंदाज, कृती, माप, कारण. 40 वह्यांऐवजी 8 कागद. प्रयोग हे आकारिक मूल्यमापनाचं मान्य साधन असल्याने हाच कागद, तोंडी एक-दोन प्रश्नांची जोड देऊन, नोंद म्हणून वापरावा. तोच मजकूर वेगळ्या वहीत उतरवायला लावला तर वाचलेला वेळ गेलाच. प्रयोगपेटी केंद्रशाळेत (आसपासच्या शाळांच्या मुख्य शाळेत) ठेवून शाळांत फिरवावी आणि शिक्षण परिषदेतला, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीतला, अर्धा तास फसलेल्या प्रयोगांना द्यावा.