फ्लॅश उडाला, तरी फोटो काळाच

फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब, स्टँडवर लावला, स्लेव्ह मोडवर टाकला, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशची चमक दिसताच तो आपोआप उडावा. बटण दाबल्यावर तो उडालेला डोळ्यांनी दिसला, पण फोटोत त्याच्या उजेडाचा मागमूस नाही. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची ही नेहमीची तक्रार. फ्लॅश बिघडलेला नसतो, तो लवकर उडालेला असतो.

कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश ऑटोवर दोनदा चमकतो. पहिली चमक, म्हणजे प्री-फ्लॅश, मोजमापापुरती. ती समोरून किती परतते ते पाहून कॅमेरा मुख्य चमकेचा जोर ठरवतो. दोन्हींतलं अंतर इतकं थोडं, की डोळ्याला एकच चमक दिसते. स्लेव्हचा सेन्सर मात्र मिलिसेकंदाच्या आत जागा होतो आणि पहिल्याच चमकेला फ्लॅश उडवून मोकळा होतो. शटर उघडेपर्यंत सगळा खेळ संपलेला असतो.

कॅमेऱ्यात फ्लॅश मॅन्युअल करता येत असेल, तर तोच उत्तम उपाय. कॅननच्या पॉवरशॉट जी१२ किंवा एस९५ वर एम (मॅन्युअल) मोडमध्ये जोर तीन पायऱ्यांत हाताने ठरवता येतो. मोजायचंच काही नसल्याने प्री-फ्लॅश निघत नाही. ही सोय नसेल तर योंगनुओ वायएन५६० किंवा गोडॉक्स टीटी६०० सारखा फ्लॅश घ्यावा. त्यात स्लेव्हचे दोन प्रकार असतात: एस१ पहिल्या चमकेला उडतो, एस२ ती सोडून देतो. फोटोत डोळे लाल येऊ नयेत म्हणून असलेली रेड-आय सोय मात्र बंद हवी, त्याच्या जादा चमकांनी एस२ची गणती चुकते.

कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा सपाट उजेड चेहऱ्यावर नको असेल, तर त्यावर धुतलेल्या (डेव्हलप केलेल्या) रंगीत स्लाइड फिल्मचा पूर्ण काळा तुकडा चिकटवावा आणि जोराची पायरी वाढवावी. फिल्ममधले रंग दृश्य प्रकाश अडवतात, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडतात, आणि स्लेव्हच्या सेन्सरला तेवढे पुरतात. कृष्णधवल फिल्म चालत नाही, तिच्यातली चांदी अवरक्तही अडवते.

एवढा खटाटोप का, तर भर उन्हात हा छोटा कॅमेरा मोठ्यावर मात करतो. डीएसएलआरच्या, म्हणजे भिंग बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याच्या, शटरला दोन पडदे असतात. शटरची वेळ साधारण १/२०० ते १/२५० सेकंदांपेक्षा कमी केली, की सेन्सर एका क्षणी पूर्ण उघडा नसतोच, फोटोत काळा पट्टा येतो. बहुतेक चांगल्या कॉम्पॅक्टमध्ये शटर भिंगातच असतं. ते वेगात चाललं तरी सेन्सरच्या सगळ्या भागावर एकाच वेळी प्रकाश पडू देतं.

याचा हिशेब असा. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर कडक उन्हात शटर १/२०० सेकंद असेल तर ॲपर्चर, म्हणजे भिंगाचं छिद्र, एफ/११ लागतं, १/१६०० ला एफ/४ (एफ-आकडा लहान, तितकं छिद्र मोठं). फ्लॅशची ताकद सांगणारा गाइड नंबर म्हणजे मीटरमधलं अंतर गुणिले एफ-आकडा. दोन मीटरवरच्या माणसासाठी एफ/११ ला २२ हवा, एफ/४ ला फक्त ८. पूर्ण जोरावर ३२ गाइड नंबरचा फ्लॅश पहिल्या वेळी अर्ध्या जोरावर चालवावा लागेल, दुसऱ्या वेळी १/१६ वर. उरलेल्या ताकदीत छत्री लावा, बॅटरी वाचवा किंवा फोटोतलं ऊन आणखी दाबून पार्श्वभूमी गडद करा.

खोच एकच. पूर्ण जोराची चमक बरीच लांब, बऱ्याच फ्लॅशमध्ये १/३०० सेकंदाच्या आसपास. १/१६०० चं शटर तिचा तुकडाच घेतं, म्हणून जोर अर्ध्यावरून पूर्णवर नेला तरी फोटो फारसा उजळत नाही. कमी जोरावर चमक खूप आखूड होते आणि सबंध आत येते. आपल्या जोडीची मर्यादा शोधायची तर अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या भिंतीचे फोटो काढावेत. ॲपर्चर आणि जोर तेच ठेवून शटर पायरीपायरीने वेगवान करावं. भिंत काळवंडू लागली, की त्याच्या अलीकडची पायरी आपली. इलेक्ट्रॉनिक शटर (भिंगातलं शटर न वापरता सेन्सरनेच वेळ ठरवण्याची सोय) आधी बंद करायला विसरू नये.

बाहेर स्लेव्हच्या सेन्सरवर थेट ऊन पडलं तर तो आंधळा होतो. फ्लॅशचं डोकं माणसाकडे आणि सेन्सर कॅमेऱ्याकडे वळवावा, वर पुठ्ठ्याची सावली करावी. तरीही नेम चुकत असेल आणि कॅमेऱ्याला हॉट शू (वरची फ्लॅश बसवायची खाच) असेल, तर रेडिओ लहरींनी फ्लॅश उडवणारा रेडिओ ट्रिगर बरा. फक्त माळ्यावरचा जुना फ्लॅश हॉट शूवर थेट चढवू नये. काहींच्या ट्रिगर संपर्कावर २०० व्होल्टांहून जास्त दाब असतो आणि कॅमेऱ्याचं सर्किट जळू शकतं. फ्लॅश चार्ज करून मधल्या टोकापासून कडेच्या धातूपर्यंत मल्टिमीटरने डीसी व्होल्ट मोजावेत, आकडा मोठा आला तर तो स्लेव्हवरच चालवावा.