ओएई आणि बेरा: ‘पास’ म्हणजे नेमकं काय पास?

बाळाच्या ऐकण्याच्या तपासणीच्या रिपोर्टवर ‘ओएई पास’ दिसलं की घर निर्धास्त होतं. मग डॉक्टरांनी बेरा ही ऐकण्याचीच दुसरी तपासणी सांगितली की प्रश्न येतो: कान तपासून झाला ना, आता परत कशाला? दोन्ही तपासण्या दुखत नाहीत, दोन्ही बाळ झोपलेलं असताना होतात, म्हणून त्या एकच वाटतात. पण एक जिथे थांबते, तिथून पुढचं दुसरी पाहते.

ओएईमध्ये कानात छोटा प्रोब बसवून बारीक आवाज सोडतात. आतल्या कोक्लियामधल्या (शंखासारख्या भागातल्या) बाह्य केसपेशी त्यावर हलतात आणि त्यांचा अतिशय मंद आवाज उलट बाहेर येतो. कान आवाज करतोही, हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवलं. मला आजही ही गोष्ट विलक्षण वाटते! पण ही तपासणी केसपेशींपाशीच संपते. कानातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेबद्दल ती काहीच सांगत नाही. शिवाय मधल्या कानात पाणी असलं तरी ‘रेफर’ (म्हणजे पास नाही, पुढे तपासा) येऊ शकतं, तेवढ्याने लगेच घाबरू नये.

बेरामध्ये डोक्यावर इलेक्ट्रोड चिकटवून कानात शेकडो, हजारो टिकटिक ऐकवतात आणि नसेतून मेंदूकडे निघालेल्या विद्युत संदेशाची सरासरी काढतात. पहिल्या दहा मिलिसेकंदांत लाटा उमटतात. पहिली श्रवण नसेची, पाचवी मेंदूखोडातल्या वरच्या टप्प्याची.

ऑडिटरी न्यूरोपथी या नसेच्या बिघाडात हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. केसपेशी शाबूत, म्हणून ओएई पास. पण नसेतले संदेश विस्कळीत, म्हणून बेरात लाटा नाहीत किंवा वेड्यावाकड्या. तीव्र कावीळ झालेल्या किंवा वेळेआधी जन्मलेल्या बाळांना हा धोका जास्त. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २००७ मध्ये सांगितलं, की एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) पाच दिवसांहून जास्त राहिलेल्या बाळाची तपासणी बेरा पद्धतीनेच व्हावी. अशा बाळाला केवळ ओएईवर घरी पाठवणं मला धोक्याचं वाटतं.

मग बेरा नॉर्मल म्हणजे नस ठणठणीत? तसंही नाही. २००९ मध्ये बोस्टनच्या शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांत त्यांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, पण उच्च स्वरांच्या भागात केसपेशी आणि नस जोडणारे जवळपास निम्मे सांधे कायमचे गेले होते. बेरात पहिली लाट तेवढी खुजी झाली होती. यालाच पुढे ‘छुपा बहिरेपणा’ म्हणू लागले.

नेहमीच्या बेरात मात्र आवाज किती कमी करेपर्यंत पाचवी लाट दिसत राहते, हे मुख्यतः पाहतात. पहिल्या लाटेची उंची माणसामाणसांत इतकी वेगळी असते, की एका रिपोर्टवरून निदान करता येत नाही. छुप्या बहिरेपणाची सर्वमान्य तपासणी अजून नाही. ऑडिओग्राम (किती मंद आवाज ऐकू येतो याचा आलेख) नॉर्मल असूनही हॉटेलात, लग्नात समोरच्याचं बोलणं कळत नसेल, तर ऑडिओलॉजिस्टला (ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाला) तसं स्पष्ट सांगा आणि गोंगाटात शब्द ओळखण्याची चाचणी करायला सांगा.