दोन इंच पाणी म्हणजे किती?

विज्ञान शिकणाऱ्या तरुणांना उन्हाळ्यात दहा आठवडे वृत्तपत्रांच्या आणि रेडिओच्या कचेरीत बसवायचं, अशी एक फेलोशिप अमेरिकेत ‘एएएएस’ या विज्ञानप्रसार करणाऱ्या संस्थेने १९७० च्या दशकात सुरू केली. त्यातल्या काही जागांचा खर्च अमेरिकन जिओफिजिकल युनियन या भूवैज्ञानिकांच्या संस्थेने उचललेला आहे. असं काहीतरी बेळगावात सुरू व्हायला हवं, मराठी आणि कानडी अशा दोन्ही वृत्तपत्रांत, आणि तेही ऐन उन्हाळ्यात. निपाणी, चिकोडी, अथणीकडे बोअरच्या गाड्या तेव्हाच फिरत असतात आणि भूविज्ञान लोकांना तेव्हाच हवं असतं.

फेलोने पहिल्याच लेखात दख्खनच्या काळ्या पाषाणाचं वय सांगू नये. ६.६ कोटी वर्षं हा आकडा थक्क करणारा आहे, पण तो नंतर आला तरी चालेल. सुरुवात करावी ‘दोन इंच पाणी लागलं’ या बोलण्यापासून.

हा इंच पाईपचा नव्हे. बोअरमधून उसळणारं पाणी चर काढून एका पत्र्याकडे वळवतात. पत्र्याला व्ही आकाराची, ९० अंशांची खाच असते आणि त्या खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजतात. पाणी जसं चढतं तसं ते खाचेत रुंदही होतं, म्हणून प्रवाहाचं क्षेत्रफळ उंचीच्या वर्गाने वाढतं. शिवाय वेग उंचीच्या वर्गमुळाने वाढतो. दोन्हींचा गुणाकार म्हणजे उंचीचा अडीचवा घात. म्हणून १ इंचाला ताशी सुमारे ५०० लिटर, २ इंचाला २,९००, ३ इंचाला ८,००० आणि ४ इंचाला १६,००० लिटरांहून जास्त! उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून अधिक होतं. त्यामुळे अर्ध्या इंचाची चूकही महागात पडते. खाचेजवळ पाण्याची पातळी खाली वाकते, म्हणून उंची खाचेत न मोजता थोडी मागे, पाणी संथ असेल तिथे मोजायची. कंप्रेसर सुरुवातीला बोअरमध्ये साठलेलं पाणीही फेकतो, म्हणून धार स्थिरावेपर्यंत थांबायचं.

आणि तरीही हे फक्त त्या घटकेचं पाणी. खाली साठा किती, ते खाच सांगत नाही. जमिनीखाली नदी वाहते ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे, पण काळ्या पाषाणाच्या मुलखात पाणी असतं ते मुरमात, भेगांत आणि मांजऱ्या, म्हणजे बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेल्या, खडकाच्या कुजलेल्या थरात. अशा खडकातून उपसून मिळणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण २ टक्के धरतात. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. पातळी एक मीटर उतरली तर एकरामागे मिळालं ८१ घनमीटर, म्हणजे ८१,००० लिटर. तीन इंच पाण्याची बोअर एवढं दहा तासांत उपसते. वर्षभराच्या उसाला पावसासकट २,००० मिलिमीटर पाणी लागतं असं धरलं, तर एकराला ८१ लाख लिटर होतात. म्हणजे शंभर एकरांखालची पातळी एक मीटर उतरवण्याइतकं. पाऊस त्यातला मोठा वाटा देतो हे खरं, पण उरलेला उपसा शेजाऱ्याच्या विहिरीखालूनही होतो. खानापूरच्या जांभ्यात आणि गोकाकच्या कठीण वालुकाश्मात हे गणित वेगळं मांडावं लागेल, कारण जांभ्यातलं पाणी लवकर निचरून जातं आणि वालुकाश्मात ते बहुतेक भेगांपुरतंच असतं.

तळहातावर नारळ उभा राहिला की तिथे पाणी, हा पाणी शोधण्याचा प्रकारही आकडे मांडूनच तपासावा. कुजलेल्या मुरमाचा पट्टा सलग पसरलेला असेल तर कुठेही खोदलं तरी थोडंफार पाणी लागतंच, आणि लागलेली बोअर गावभर सांगितली जाते. कोरडी गेलेली कुणी मोजत नाही. नारळ घेऊन फिरणाऱ्याच्या सगळ्या बोअरी, कोरड्या धरून, वहीत लिहिल्याशिवाय त्याच्या यशाला काही अर्थ नाही.

पाणी शोधणाऱ्या यंत्रालाही हाच नियम. विद्युतरोधाच्या, म्हणजे जमीन विजेला किती विरोध करते ते पाहण्याच्या, सर्वेक्षणात चार लोखंडी सळ्या एका रेषेत ठोकतात. बाहेरच्या दोन सळ्यांतून वीज सोडतात आणि आतल्या दोहोंमधला विद्युतदाब मोजतात. बाहेरच्या सळ्या जितक्या लांब नेल्या तितका खोलचा अंदाज येतो. अखंड पाषाण विरोध जास्त दाखवतो, ओला मुरूम कमी. पण चिकणमातीही कमीच दाखवते, आणि दोन लाव्हाथरांमधला तांबडा मातकट थरही. इथेच फसगत होते. तेव्हा सर्वेक्षणाच्या कागदासोबत शेजारच्या जुन्या बोअरीत किती फुटांवर काय लागलं होतं, हेही मागून घ्यावं.

फेलोचं खरं काम मात्र विहिरीच्या काठावर. काठावर रंगाने एक खूण करायची आणि पहाटे, मोटार चालू होण्याआधी, त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर टेपने मोजायचं. एक नोंद मेअखेर, एक नोव्हेंबरात. प्रत्येक तालुक्यातल्या ठरावीक विहिरींचे आकडे, खडकाच्या प्रकारासह, दोन्ही भाषांत एकाच दिवशी छापायचे. पहिल्या वर्षी त्यातून फारसं कळणार नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मात्र मेचे आणि नोव्हेंबरचे आकडे शेजारी शेजारी ठेवले, की पावसाळ्यात भरलेलं आणि उन्हाळ्यात उपसलेलं पाणी यांचा हिशेब शेतकरी स्वतः लावू शकेल.